सैल लगाम आणि खोगिरावरचा स्वार

इंग्रजी भाषेत एखाद्याला ‘फ्री रेन’ दिला असे म्हटले, की त्याला आपल्या मनाप्रमाणे वागण्याची, निर्णय घेण्याची आणि पावलोपावली परवानगी न विचारण्याची पूर्ण मुभा मिळाली, असा अर्थ घेतला जातो. निर्माता दिग्दर्शकाला, संपादक व्यंगचित्रकाराला, मालक व्यवस्थापकाला अशी मुभा देतो. कवी ती आपल्या कल्पनाशक्तीला देतो आणि संतापलेला माणूस आपल्या जिभेलाही देतो. वाक्प्रचाराचे मूळ घोडेस्वारीत आहे. ‘रेन’ म्हणजे लगामाचे पट्टे. त्यांचे एक टोक घोड्याच्या तोंडातल्या कडियाळ्याला, म्हणजे पुढच्या दातांमागच्या मोकळ्या हिरडीवर टेकणाऱ्या दांडीला, जोडलेले असते आणि दुसरे स्वाराच्या मुठीत असते. डोंगरातली निसरडी वाट किंवा नदीचा दगडगोट्यांनी भरलेला उतार अशा जागी कुठे पाऊल टाकावे हे स्वाराच्या डोळ्यांपेक्षा घोड्याच्या खुरांना अधिक कळते, म्हणून जाणता स्वार पट्टे लांब सोडतो, कडियाळ्यावरचा ताण काढून घेतो आणि चाल व वाट दोन्ही घोड्यावर सोपवतो.

या चित्रातली एक बाब इतकी उघड आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लगाम सैल होतो, पण तोंडातून निघत नाही. स्वार हात ढिला करतो, पण खोगिरावरची मांड सोडत नाही. घोडा चुकीच्या वाटेला लागला, किंवा स्वाराला नुसतीच लहर आली, तरी एका झटक्यात पट्टे पुन्हा ताणले जातात. ज्या वाक्प्रचाराने अनिर्बंध स्वातंत्र्याचा बोध व्हावा, त्याच्याच पोटात ते स्वातंत्र्य देणारा आणि परत घेऊ शकणारा असा एक धनी बसलेला आहे. मराठीत ‘मोकाट’ म्हणतात ते जनावर वेगळे. त्याच्या आसपास धनी दिसत नाही आणि म्हणूनच त्या शब्दाला कौतुकाऐवजी तक्रारीचा वास येतो. सैल लगामाच्या घोड्याची तक्रार कोणी करत नाही, कारण त्याची जबाबदारी घेणारा वर बसलेला असतो. मनाप्रमाणे वागता येणे एवढ्यानेच माणूस स्वतंत्र ठरतो काय, की त्याला रोखण्याची सत्ता कोणाच्या तरी मुठीत शिल्लक आहे, मग ती कधी वापरली जावो वा न जावो, एवढ्यानेही तो परतंत्र ठरतो, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद या एका चित्रात सामावलेला आहे.

वादातली पहिली बाजू सर्वांत स्पष्टपणे मांडली ती थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने. 1651 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात त्याने स्वातंत्र्याची व्याख्या गतीला बाहेरून होणाऱ्या अडथळ्याचा अभाव अशी केली. ही व्याख्या वाहत्या पाण्यालाही लागू पडते, आणि तिचा अभिमान वाटण्याइतका हॉब्ज सडेतोड होता. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला, की इटलीतल्या लुक्का या नगरराज्याने आपल्या बुरुजांवर स्वातंत्र्य हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत कोरला असला, तरी तिथल्या नागरिकाला सुलतानाच्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या प्रजाजनापेक्षा अधिक मोकळीक असते असे सिद्ध होत नाही. प्रश्न कायदे किती आणि कसे अडवतात एवढाच आहे. पाच वर्षांनी जेम्स हॅरिंग्टन या राजकीय विचारवंताने त्याला उत्तर दिले. सुलतानाच्या राज्यात मोठ्यातला मोठा पाशासुद्धा आपली जहागीरच काय, आपले डोकेही धन्याच्या मर्जीवर धारण करून असतो, तर लुक्कातला सामान्य माणूस दोन्हींचा मालक असतो, असा त्याचा मुद्दा होता. पाशाच्या घोड्याचा लगाम कदाचित लुक्काच्या व्यापाऱ्यापेक्षा कितीतरी सैल असेल. हॅरिंग्टनच्या दृष्टीने त्यामुळे काहीच बदलत नाही.

हॅरिंग्टनच्या मागे रोमन कायद्याची दीर्घ परंपरा उभी होती. त्या कायद्याने माणसांचे स्वतंत्र आणि गुलाम असे दोन वर्ग केले, आणि गुलामाचे लक्षण साखळदंड किंवा फटके हे न मानता दुसऱ्याच्या सत्तेखाली असणे हे मानले. धनी दयाळू असेल, आळशी असेल किंवा वर्षानुवर्षे परदेशी असेल, तेव्हा त्याच्या गुलामाला दिवसभर मनाप्रमाणे वागता येते. रोमन नाटककार प्लॉटसच्या विनोदी नाटकांतले धूर्त गुलाम तसे वागतातही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते गुलामच राहतात. अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केले त्या 1776 साली रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाने हाच निकष वसाहतींना लावला आणि धन्याच्या सत्तेखाली असलेल्या माणसाला कितीही न्यायाने व मायेने वागवले गेले तरी त्याला स्वतंत्र म्हणता येत नाही, अशा आशयाची मांडणी केली. पुढच्या शतकात हा विचार मागे पडला आणि हॉब्जची व्याख्या, जरा सौम्य होऊन, उदारमतवादाची नित्याची भाषा बनली. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिनने 1958 साली ऑक्सफर्डमधल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात जिला अभावात्मक स्वातंत्र्य म्हटले, ती हीच कल्पना होय: माणसाला किती क्षेत्रात इतरांच्या हस्तक्षेपावाचून वागता येते, याचे मोजमाप.

विसाव्या शतकाच्या अखेरीस क्वेंटिन स्किनर हा इतिहासकार आणि फिलिप पेटिट हा आयरिश तत्त्वज्ञ यांनी जुना रोमन धागा पुन्हा उचलला. पेटिटने 1997 मध्ये प्रजासत्ताकवादावर ग्रंथ लिहिला आणि 2014 मधल्या ‘जस्ट फ्रीडम’ या छोट्या पुस्तकात नेमका सैल लगामाचा वाक्प्रचार आणि इब्सेनचे 1879 सालचे ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक एकत्र आणले. नाटकातल्या नोराचा नवरा तोर्वाल तिच्यावर जीव टाकतो, तिचे लाड करतो आणि बदामी बिस्किटे खाऊ नकोस यासारखी एखाददुसरी ताकीद वगळता तिला घरात वाटेल तसे वागू देतो. पण त्या काळच्या कायद्याने आणि रूढीने त्याच्या हाती जी सत्ता दिली आहे, ती जशीच्या तशी आहे. नवऱ्याच्या संमतीवाचून पत्नीला कर्जही काढता येत नाही, म्हणून त्याच्याच औषधपाण्यासाठी पैसे उभे करताना नोराला वडिलांची खोटी सही करावी लागते. पेटिटच्या मते तोर्वाल खोगिरावर आहे आणि लगाम सैल आहे, एवढेच येथे घडले आहे. स्वातंत्र्याला याहून अधिक काही लागते, आणि ते म्हणजे कोणीच खोगिरावर नसणे. या स्थितीला तो वर्चस्वाचा अभाव म्हणतो. त्याच्या विवेचनातली सर्वांत मार्मिक गोष्ट मानसशास्त्रीय आहे: ज्याचे सुख दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, तो ती मर्जी राखू लागतो, बोलण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचू लागतो, आणि लगामाला एकदाही हिसका बसला नाही तरी त्याची मान आपोआप हव्या त्या दिशेला वळू लागते. नोराचा खारीसारखा अवखळपणा हा असाच शिकलेला आहे.

येथपर्यंतचा वाद युरोपातला आहे. परंतु घोडा, लगाम आणि स्वातंत्र्य ही तिन्ही भारतीय धर्मविचारात त्याहून पुष्कळ आधीपासून एकत्र आलेली आहेत, आणि तीही दोन परस्परविरुद्ध चित्रांत. पहिले चित्र अश्वमेधाचे. या यज्ञात निवडलेला घोडा विधिपूर्वक सोडून दिला जाई आणि वर्षभर तो मनाला येईल तिकडे फिरे. त्याला लगाम नसे, स्वार नसे, त्याची दिशा कोणी ठरवत नसे. ज्या राजाच्या भूमीत तो शिरेल त्याने एक तर यज्ञकर्त्याचे वर्चस्व मान्य करावे किंवा घोडा अडवून युद्धाला उभे राहावे, असा संकेत होता. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात अर्जुन अशा घोड्यामागून फिरतो आणि आपल्याच पुत्राशी, बभ्रुवाहनाशी, त्याची लढाई होते. पृथ्वीच्या पाठीवर याहून मोकळा घोडा कल्पिता येणार नाही. तरीही शतपथ ब्राह्मणात या भटकंतीचे जे नियम दिले आहेत ते वाचण्यासारखे आहेत: बरोबर शंभर घोड्यांचा कळप, मागे चिलखत घातलेल्या शंभर राजपुत्रांसह चारशे रक्षक, आणि रक्षकांचे काम असे, की त्याला माघारी वळवू नये, पण घोडीजवळ आणि स्नानयोग्य पाण्याजवळही जाऊ देऊ नये. वर्ष संपले की घोड्याला यज्ञभूमीत आणून यूपाला, म्हणजे बळी बांधण्याच्या खांबाला, बांधत.

इंग्रजीत ‘रेन’ या शब्दाऐवजी त्याच उच्चाराचा, पण राज्य करणे या अर्थाचा, दुसरा शब्द या वाक्प्रचारात चुकून लिहिला जातो आणि भाषेचे रखवालदार त्यावर नाराज होतात. अश्वमेधाचा घोडा पाहिला तर ही चूक अगदीच अजाण म्हणता येणार नाही, कारण येथे घोड्याचे मुक्त फिरणे हेच राजाचे राज्य करणे होते; घोड्याचे खूर जिथे उमटतील तिथे राजाची सत्ता उमटे, आणि घोडा जितका निर्बंध तितका राजा सार्वभौम. समुद्रगुप्ताच्या अश्वमेधप्रकारच्या सुवर्णनाण्यांवर घोडा यूपासमोर उभा दाखवला आहे, वर्षभराच्या भटकंतीत रमलेला नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा जो ब्राह्मी लेख आहे, त्यातही राजघराण्याने केलेल्या यज्ञांच्या आणि दक्षिणांच्या यादीत अश्वमेध येतो. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी तो वाचावा, अशाच जागी तो कोरलेला आहे. पेटिटच्या घोड्याला निदान स्वार दिसतो. अश्वमेधाच्या घोड्यावर कोणी बसलेले नाही, आणि ज्याच्यासाठी तो फिरतो तो राजा राजधानीतच आहे. कोणीही खोगिरावर नसणे एवढा निकष पुरेसा नाही, ही अडचण पेटिटच्या रूपकाला या घोड्याने घालावी इतकी ती खरी आहे.

दुसरे चित्र कठोपनिषदातले. त्याच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीत यम नचिकेताला शरीररूपी रथाचे रूपक सांगतो: आत्मा हा रथी, म्हणजे रथात बसलेला स्वामी, बुद्धी हा सारथी, मन हा प्रग्रह, म्हणजे लगाम, इंद्रिये हे घोडे, आणि इंद्रियांचे विषय या घोड्यांच्या धावण्याच्या वाटा. ज्याचा लगाम हाती नाही त्याचे घोडे उधळतात आणि तो संसाराच्या फेऱ्यात पडतो. ज्याचा लगाम हाती आहे तो वाटेच्या अंताला पोचतो आणि त्या अंताला उपनिषद विष्णूचे परमपद म्हणते. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादातही एक सारथी आणि दोन घोडे येतात, एक आज्ञाधारक आणि एक हट्टी. तिथेही तात्पर्य फारसे निराळे नाही. दोन्ही चित्रांत लगाम ताणलेला असणे हीच मुक्तीची अट आहे, आणि इंग्रजी वाक्प्रचार ज्याला स्वातंत्र्य म्हणतो त्याला येथे अपघात म्हटले आहे.

हा विरोध वाटतो तितका खोल नाही. इंग्रजी वाक्प्रचार घोड्याच्या बाजूने बोलतो, उपनिषद रथात बसून बोलते. कठोपनिषदातल्या घोड्यांना स्वतःचे असे काही म्हणणे नाही, कारण ते कोणी दुसरे नाहीतच. ते रथीचेच डोळे, कान, जीभ आणि त्वचा आहेत. लगाम, सारथी, घोडे आणि स्वामी हे सगळे एकाच माणसाच्या आत असल्यामुळे या रथात एकाने दुसऱ्यावर वर्चस्व गाजवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अडचण सुरू होते ती रथाची जागा बदलली की. बर्लिनने आपल्या त्याच व्याख्यानात दाखवून दिले, की माणसाचे उच्च आणि नीच असे दोन भाग पाडून उच्चाने नीचाला आवरणे म्हणजेच खरे स्वातंत्र्य असे एकदा ठरवले, की त्या उच्च भागाच्या आसनावर राष्ट्र, पक्ष, धर्मपीठ असे कोणीही येऊन बसू शकते, आणि दुसऱ्याला जबरदस्तीने हाकतानाही आपण त्याला मुक्तच करत आहोत असे म्हणू शकते. यमाचे रूपक नचिकेतासाठी आहे, नचिकेताच्या बापासाठी नाही. आणि ज्या बापाने रागाच्या भरात मुलाला मृत्यूला देऊन टाकले, त्याच्या हाती हे रूपक पडले असते तर त्याने त्याचे काय केले असते, हे उपनिषद सांगत नसले तरी घरोघरच्या अनेक बापांनी दाखवून दिलेले आहे.

रथाचे हे रूपक प्रत्यक्ष रणभूमीवर उतरते ते भगवद्गीतेत, आणि तिथे प्रश्न सर्वांत अवघड होतो. अर्जुन रथी आहे, कृष्ण सारथी आहे, लगाम कृष्णाच्या हातात आहेत. पहिल्या अध्यायात अर्जुन धन्याच्या अधिकाराने आज्ञा करतो, की रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा कर, आणि कृष्ण ती मुकाट्याने पाळतो. अठराव्या अध्यायापर्यंत मात्र तोच सारथी विश्वाचा नियंता म्हणून बोलत असतो. या अध्यायाच्या 59 ते 63 या पाच श्लोकांत जे घडते त्याला धर्मविचाराच्या इतिहासात जोड सापडणे कठीण. आधी कृष्ण बजावतो, की तू लढणार नाही म्हणालास तरी तुझी प्रकृती तुला लढायला लावील. मग तो सांगतो, की ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखे मायेने फिरवत असतो. त्यालाच शरण जा. आणि लगेच पुढच्या श्लोकात, या सगळ्याचा पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, अशी मुभा देतो. म्हणजे ज्याच्या हाती लगाम आहे, ज्याने नुकतेच सर्व प्राणी यंत्रावर बसलेले असल्याचे सांगितले आहे, तोच सैल लगामाची घोषणा करतो. ही मुभा खरी, की ती तोर्वालने नोराला दिली तशी?

वेदान्ताच्या आचार्यांनी हा प्रश्न टाळला नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जीवाच्या कर्तृत्वाची चर्चा आहे, आणि तिथे एक सूत्र म्हणते की हे कर्तृत्व परमेश्वराकडून येते, तर लगेच पुढचे सूत्र म्हणते की परमेश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नांची अपेक्षा ठेवतो, नाहीतर शास्त्रातले विधी आणि निषेध व्यर्थ ठरतील. येथे अपेक्षा ठेवणे म्हणजे विचारात घेणे, त्यानुसार वागणे. शंकराचार्य यासाठी पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पण कोणत्या बीजातून काय उगवावे हे बीजावर अवलंबून असते. रामानुजाचार्य अधिक धीट वाट धरतात. त्यांच्या मते अंतर्यामी परमात्मा जीवाचा प्रयत्न पाहून त्याला अनुमती देतो आणि त्या अनुमतीनेच कर्म घडते. गीतेच्या तेराव्या अध्यायात परमात्म्याला अनुमती देणारा म्हटले आहेच. दोन भागीदारांच्या सामाईक मालमत्तेचा दाखला ते देतात: एकाला ती तिसऱ्याच्या नावे करायची तर दुसऱ्याची संमती लागते, पण ती संमती मिळवणे पहिल्याच्याच हातचे असल्यामुळे व्यवहाराचे फळ त्याचेच मानले जाते. दृष्टान्त सुरेख आहे, आणि तो रामानुजांच्या सिद्धान्तापेक्षा पुढे गेलेला आहे. भागीदार एकमेकांचे स्वामी नसतात, तर त्याच आचार्यांच्या मते जीव हा शेष, म्हणजे सर्वस्वी दुसऱ्यासाठी असलेला, आणि ईश्वर हा शेषी, म्हणजे त्याचा धनी. धन्याने दासाला आपला भागीदार म्हणावे हा धन्याचा मोठेपणा. भागीदारी त्याने सिद्ध होत नाही.

सर्वांत स्पष्टवक्ते मध्वाचार्य. त्यांनी आपल्या तत्त्वविचाराची सुरुवातच स्वतंत्र आणि अस्वतंत्र अशा दोन तत्त्वांच्या विभागणीने केली आणि स्वतंत्र एकटा विष्णू, बाकी सारे अस्वतंत्र, असे ठरवून टाकले. मोक्षातही जीव अस्वतंत्रच राहतो. येथे सैल लगाम आणि ताठ लगाम हा भेदच दुय्यम होतो, कारण स्वार कायमचा आहे. मग ईश्वराचे हे वर्चस्व अन्यायाचे का ठरत नाही? याचे उत्तर मध्वांच्याच नव्हे, तर सर्वच वेदान्त्यांच्या हाती असलेल्या एका जुन्या सूत्रात आहे: जगात दिसणाऱ्या विषमतेबद्दल ईश्वराला पक्षपाताचा किंवा क्रूरपणाचा दोष लागत नाही, कारण तो जीवांच्या कर्मांना धरूनच फळ देतो. म्हणजे ईश्वर लहरीने लगाम ओढत नाही. त्याचा हात कर्माच्या नियमाने बांधलेला आहे. पेटिटनेही वर्चस्व म्हटले ते अनियंत्रित सत्तेलाच. ज्या सत्तेला नियमाने वागणे भाग आहे ती त्याच्या दृष्टीने स्वातंत्र्य हिरावत नाही. दोन्ही उत्तरे एकाच जागी येऊन थबकतात. नियम ईश्वराला खरोखर बांधतो, तर ईश्वर सर्वसमर्थ उरत नाही. आणि ईश्वराने तो आपखुशीने पाळला आहे, तर आपखुशीने पाळलेला नियम हा पुन्हा सैल लगामच. ही कोंडी कोणत्याही भाष्यकाराने निर्विवाद फोडल्याचे दिसत नाही, आणि गीतेने दोन्ही श्लोक शेजारी शेजारी ठेवून तिला झाकलेही नाही.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’चे सबंध दहावे प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयाला दिले. कर्माचा नियम देह, मन आणि बुद्धी यांना बांधतो, पण आत्मा मूळचा ब्रह्मरूप असल्यामुळे स्वतंत्र आहे आणि मोक्षाकडे जाण्याची प्रेरणा त्याच्या या स्वातंत्र्यातूनच उठते, असा त्यांचा एकंदर पक्ष आहे. ग्रंथ 1915 मध्ये प्रसिद्ध झाला, पण लिहिला गेला तो 1910–11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात, जिथे कागद आणि पुस्तके सरकारच्या परवानगीने मिळत. देह दुसऱ्याच्या मर्जीवर असताना आत्म्याचे स्वातंत्र्य सिद्ध करणे यात विसंगती नाही. उलट स्टोइक पंथातला एपिक्टेटस, जो जन्माने गुलाम होता, त्याच मार्गाने गेला होता. मात्र या मार्गाची एक किंमत आहे. स्वातंत्र्य आत्म्याच्या गाभ्यात इतके सुरक्षित ठेवले, की ते कोणालाच हिरावता येत नाही, तर मग ते कोणी दिले किंवा नाकारले याबद्दल तक्रारही उरत नाही. टिळकांनी आयुष्यभर जी राजकीय तक्रार केली, ती या प्रकरणाच्या आधारावर उभी नव्हती, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नसावी.

ईश्वराच्या हातातला लगाम आणि माणसाच्या हातातला लगाम यांत गल्लत झाली की काय होते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या धार्मिक जीवनातच आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केले आणि दरवाजे उघडले. त्यामागची तळमळ निःसंशय होती. परंतु दुसऱ्याच्या हृदयपरिवर्तनाने उघडलेला दरवाजा आणि हक्काने उघडलेला दरवाजा यांतले अंतर त्याआधी वीस वर्षे महाडला स्पष्ट झाले होते. मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचे म्हटले, आणि महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी आपल्या ठरावाने चवदार तळे खुले केले. कागदावर लगाम सैल झाला, परंतु तळ्याकडे कोणी अस्पृश्य फिरकू शकला नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले आणि सर्वांनी पाणी घेतले. हे पाणी काही अमृत नव्हे, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण येथे आलो, अशा आशयाची भूमिका त्यांनी मांडली होती. त्यानंतर जे घडले ते सैल लगामाच्या स्वातंत्र्याचे सर्वांत नेमके उदाहरण आहे: त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. जो हात ढिला झाला होता, त्याने पट्टे पुन्हा आवळले, आणि त्यासाठी त्याला दुसरा ठराव यापलीकडे काहीही लागले नाही.

डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा करायचे ठरले, तेव्हा काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला आणि तळे ही आपल्या वहिवाटीची खाजगी बाब असल्याचा दावा लावला. सत्याग्रह तहकूब झाला. त्या वेळच्या परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागला तो 1937 मध्ये, आणि तो आंबेडकरांच्या बाजूने लागला. पण त्या निकालाचा आधार काय होता, हे पाहणे उद्‌बोधक आहे. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. रूढी तेवढी जुनी असल्याचे सिद्ध झाले असते, तर निकाल उलटा लागण्याची वाट कायद्यात मोकळी होती. न्यायालयाने लगाम तेवढा जुना असल्याचे सिद्ध झाले नाही एवढेच सांगितले; लगाम असूच नये असे म्हणण्याचा अधिकार त्याला त्या काळच्या कायद्याने दिलेला नव्हता. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात, राज्याच्या खर्चाने पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणाने कोणाही नागरिकावर निर्बंध असणार नाही, असे जे लिहिले गेले, त्यात परवानगी हा शब्द नाही आणि ती देणारा कोणी कर्ताही नाही.